हेल न सोडता

मराठीत नुसतं 'कंट्री' म्हटलं की ऐकणाऱ्याची नजर आधी बाटलीकडे जाते. 'कंट्री म्युझिक' म्हणालात तर तो सावरतो, पण मग डोळ्यांसमोर येतात टोप्या, बूट आणि गवताच्या गंज्या. गाणं सगळ्यात शेवटी. वास्तविक या गाण्यात सगळ्यात आधी कानावर पडतो तो हेल. गाणारी बाई कुठल्या मुलखातली आहे, हे पहिल्या ओळीतच कळतं आणि ते कळावं अशीच अपेक्षा असते.

रिबा मॅकेन्टायर या अमेरिकन कंट्री गायिकेचा मुलूख म्हणजे ओक्लाहोमा राज्याचा आग्नेय कोपरा. तिथे कुणी 'पेन' मागितलं तर परक्याला 'पिन' ऐकू येतं, कारण 'न' आणि 'म'च्या आधीचा 'ए' तिथली माणसं 'इ'सारखाच म्हणतात. 'कान्ट' किंवा 'कॅन्ट'चं तिथे 'केऽइन्ट' होतं. एका स्वराचे दोन करायचे, मधे जरा रेंगाळायचं आणि मग व्यंजनावर येऊन टेकायचं, अशी त्या बोलीची चाल आहे. गेल्या पन्नास वर्षांत रिबानं रेकॉर्ड कंपन्या बदलल्या, केशरचना बदलली, दोन लग्नं मोडली, गाण्यातून सिनेमात, सिनेमातून न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आणि तिथून टीव्हीवर मुक्काम हलवला. हेल मात्र तिनं कधी घासून गुळगुळीत केला नाही. तिचं टीव्हीवरचं यश समजून घ्यायचं तर पुरस्कारांची यादी बाजूला ठेवून या रेंगाळण्याकडे बघावं, असं मला वाटतं.

जन्म 28 मार्च 1955 चा, मॅकॅलेस्टर गावातला. वाढली चॉकी नावाच्या वस्तीत, आठेक हजार एकरांच्या गुरांच्या रँचवर. वडील क्लार्क मॅकेन्टायर 'स्टिअर रोपिंग'चे तीन वेळचे जगज्जेते: 1957, 1958 आणि 1961. हा प्रकार आपल्याकडे कुणी पाहिलेला नसतो, म्हणून सांगतो. घोडा भरधाव सोडून पुढे पळणाऱ्या बैलाच्या शिंगांत फास टाकायचा, दोर त्याच्या पाठीमागून पलीकडे झुकवायचा आणि घोडा तिरका दामटायचा. बैल आडवा झाला की उडी टाकून त्याचे तीन पाय बांधायचे. सगळा मामला सेकंदांचा. फास घाईनं फेकला तर शिंगावरून घसरतो, उशिरा फेकला तर बैल हातचा जातो. रिबा स्वतः बॅरल रेसिंग करायची. तीन पिंपांना तिपानी आकाराचे वळसे घालून परत यायचं. पिंप पडलं तर 5 सेकंदांचा दंड. म्हणून पिंपाला जवळजवळ घासून जायचं, पण त्याला धक्का लागू द्यायचा नाही.

आई जॅकलिन शाळेत नोकरी करायची. तिचा गळा चांगला होता, पण गायिका व्हायचं राहून गेलं. रोडिओच्या, म्हणजे घोडा-दोराच्या या असल्या सामन्यांच्या, निमित्तानं कुटुंब हजारो मैल मोटारीतून हिंडायचं, तेव्हा मागच्या सीटवरची भांडणं मिटवायला तिनं मुलांना हार्मनी शिकवली. मुख्य चाल एकीला, वरचा सूर दुसरीला, खालचा तिसऱ्याला. हार्मनीत आपला सूर सांभाळायचा, पण कान शेजारच्याच्या सुराकडे ठेवायचा. आपलीच चाल चांगली म्हणायच्या नादात राहिलात, तर दुसरा कधी घसरला ते कळतही नाही. पुढे भाऊ पेक आणि धाकटी बहीण सूझी यांच्याबरोबर 'सिंगिंग मॅकेन्टायर्स' झालं ते याच शिदोरीवर. अभिनयाच्या वर्गात 'समोरच्याचं खरोखर ऐका' हे शिकवायला महिने जातात; इथे तो धडा गाडीतच झाला.

डिसेंबर 1974 मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या नॅशनल फायनल्स रोडिओत तिनं राष्ट्रगीत म्हटलं. ते रेड स्टीगल या गायकानं ऐकलं, आणि 1975 मध्ये त्याच्या मदतीनं कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलला डेमो (नमुन्याचं ध्वनिमुद्रण) झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मर्क्युरी कंपनीशी करार. एवढं वाचून परीकथा वाटेल, पण 1976 मधली तिची पहिली एकेरी ध्वनिमुद्रिका कंट्रीच्या यादीत 88 व्या क्रमांकापर्यंत जाऊन थांबली. त्याच वर्षी तिनं ड्युरंटच्या कॉलेजातून प्राथमिक शिक्षणाची पदवी घेतली, म्हणजे दुसरी वाट उघडी होती. पहिल्या दहांत यायला 1980 उजाडलं, आणि पहिला नंबर एक मिळाला तो थेट जानेवारी 1983 मध्ये. करार झाल्यापासून सात वर्षं!

या सात वर्षांत बिघडलं काय? आवाज तोच होता. गाणी निर्माता निवडायचा आणि त्या काळातल्या नॅशव्हिलच्या रिवाजाप्रमाणे मागे व्हायोलिनच्या लाटा सोडायच्या. रिबाच्या गळ्यात ओळीच्या शेवटी एक मुरकी येते. शब्द संपल्यासारखा वाटतो आणि मग सूर अर्धा पायरी वळून खाली येतो. मागे वीस व्हायोलिनं भरलेली असली की ती मुरकी बुडते. 1984 मध्ये ती एमसीए कंपनीत गेली. तिथल्या जिमी बोवेननं तिला स्वतःची गाणी स्वतः शोधायला सांगितलं, आणि त्या वर्षीच्या दुसऱ्या अल्बममध्ये तिनं तारवाद्यांचा ताफा काढून फिडल आणि स्टील गिटार पुढे आणली. (फिडल आणि व्हायोलिन हे वाद्य एकच. वाजवणाऱ्याचा इरादा वेगळा.) आवाजाभोवती मोकळी जागा झाली, मुरकी ऐकू यायला लागली. 1984 ते 1987 अशी सलग चार वर्षं कंट्री म्युझिक असोसिएशनची सर्वोत्तम गायिका, 1986 मध्ये 'एंटरटेनर ऑफ द इयर'. त्याच वर्षी 'ग्रँड ओल ऑप्री' या नॅशव्हिलच्या जुन्या, मानाच्या कंट्री कार्यक्रमाचं सदस्यत्व.

आता अभिनयाकडे. कंट्री गाण्यात बहुधा एक 'मी' असतो, आणि तो गायकच असतो असं नाही. नवऱ्याच्या कामाच्या फेऱ्यांवर संशय घेणारी बायको असते, विशीत लग्न होऊन अडकलेली आई असते. तीन-चार मिनिटांत हे पात्र उभं करायचं, तेही पोशाख किंवा नेपथ्य हाताशी नसताना. 1986 मधलं 'हूएव्हर्स इन न्यू इंग्लंड' हे तिचं पहिलं व्हिडिओ झालेलं गाणं. त्यातल्या बाईला ठाऊक आहे की नवरा वारंवार बोस्टनला जातो तो फक्त धंद्यासाठी नव्हे. ती आकांत करत नाही. तू परत येशील तेव्हा मी इथेच असेन, असं म्हणते, आणि या म्हणण्यात लाचारी किती नि धमकी किती हे ऐकणाऱ्यावर सोडते. या गाण्याला ग्रॅमी मिळालं. माझ्या मते रिबाची खरी नाट्यशाळा हीच. 1992 च्या एका व्हिडिओत तर मधेच गाणं थांबवून संवादच घातले होते. कॉलेजला परत जाणाऱ्या गृहिणीची ती गोष्ट होती, आणि 1994 मध्ये सीबीएस वाहिनीनं तिचा दूरचित्रपट केला. गाण्याचा व्हिडिओ आणि व्हिडिओचा चित्रपट, असा उलटा प्रवास.

त्याआधी 1990 मध्ये 'ट्रेमर्स' येऊन गेला होता. वाळवंटात जमिनीखालून येणारे राक्षसी किडे आणि तळघरात बंदुकांची भिंत असलेलं एक जोडपं. त्यातली बायको रिबा, नवरा मायकल ग्रॉस. चित्रपटगृहात सिनेमा बेताचा चालला, व्हिडिओ कॅसेटवर मात्र धो धो. तिच्या पहिल्याच भूमिकेत पाहण्यासारखं आहे ते हे, की बंदूक हाताळताना ती काही 'करून दाखवत' नाही. रँचवर वाढलेली मुलगी जसं अवजार उचलेल, तसं उचलते.

16 मार्च 1991 च्या पहाटे सॅन डिएगोजवळच्या डोंगरावर विमान आदळून तिच्या वाद्यवृंदातले सात जण, दौऱ्याचा व्यवस्थापक आणि दोन वैमानिक गेले. ती स्वतः त्या विमानात नव्हती. नऊ दिवसांनी ऑस्करच्या मंचावर ती गायला उभी राहिली. यावर फार लिहू नये. त्या वर्षअखेरीचा अल्बम तिनं त्या सहकाऱ्यांना अर्पण केला, तो ऐकावा.

2001 च्या जानेवारीत ब्रॉडवे. 'अ‍ॅनी गेट युवर गन' या संगीत नाटकाचं पुनरुज्जीवन 1999 पासून चालू होतं, बर्नाडेट पीटर्सनं गाजवलेलं. चालू नाटकात बदली म्हणून शिरणं हे नाटकवाल्यांना विचारा काय असतं: हालचाली दुसऱ्याच्या मापाच्या, सहकलाकारांना जुन्या नटीची सवय, तालमीला मोजके दिवस आणि मग आठवड्याला 8 प्रयोग. त्यातली नायिका अ‍ॅनी ओकली ही नेमबाज खेडवळ बाई. ब्रॉडवेच्या नट्या तिच्यासाठी खेडवळ बोलणं शिकून येत. रिबाला शिकावं लागलं नाही. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं, जूनमध्ये तिनं नाटक सोडलं आणि 5 ऑक्टोबर 2001 ला डब्ल्यूबी वाहिनीवर 'रिबा' नावाची मालिका सुरू झाली.

इथे जरा थांबायला हवं, कारण सिटकॉम, म्हणजे प्रेक्षकांसमोर चित्रित होणारी अशी विनोदी मालिका, हा दिसायला सोपा आणि करायला भलताच किचकट प्रकार आहे. 22 मिनिटांचा एक भाग, त्यासाठी पंचेचाळीस-पन्नास पानांची सुटसुटीत टाइप केलेली संहिता, आणि हाताशी पाच दिवस. पहिल्या दिवशी सगळे टेबलाभोवती बसून वाचन करतात. ज्या ओळीवर कुणी हसत नाही ती लेखक तिथेच खोडतात आणि रात्री नवी लिहितात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभ्यानं तालीम, आधी निर्मात्यांसमोर आणि मग वाहिनीच्या माणसांसमोर. दर वेळी पानं बदलतात, बदललेली पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर येतात: निळी, गुलाबी, पिवळी, हिरवी. चौथ्या दिवशी कॅमेऱ्यांची जुळवाजुळव. साधारण चार कॅमेरे एकाच वेळी चालतात, म्हणून जमिनीवर प्रत्येक नटाच्या रंगाची चिकटपट्टी मारलेली असते. तिच्यापासून वीतभर सरकलात तर मागच्याच्या तोंडावर तुमची सावली किंवा तुमच्या डोक्याआड त्याचं तोंड. पाचव्या दिवशी प्रेक्षक, दोन-तीनशे. प्रत्येक प्रसंग किमान दोनदा. विनोद पडला तर लेखक कोपऱ्यात घोळका करतात आणि दुसऱ्या टेकसाठी नवी ओळ नटाच्या कानात सांगतात. ती पाठ करायला मिळतात दोन मिनिटं.

गायकाचं घोडं इथेच पेंड खातं. तीस वर्षं तेच शब्द त्याच क्रमानं म्हणणाऱ्याला ऐनवेळी बदललेली ओळ खिळ्यासारखी टोचते. दुसरी अडचण नजरेची. मैफलीत नजर प्रेक्षकांवर असते, त्यांना आपलंसं करायची जन्माची सवय असते. इथे तीनशे माणसं समोर हसतायत आणि त्यांच्याकडे बघायचं नाही. बघायचं समोरच्या पात्राकडे. तिसरी अडचण हावभावांची. स्टेडियममधल्या शेवटच्या रांगेसाठी उचललेला हात छोट्या पडद्यावर चौकटीबाहेर जातो. आणि चौथी सगळ्यात अवघड: हशा. हशा शिगेला पोचून उतरायला लागला की पुढची ओळ सुरू करायची. आधी बोललात तर ओळ हशात बुडते. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलात तर प्रसंगातली हवा जाते, आणि पुढच्या ओळीनं ती पुन्हा भरावी लागते. थांबायचं तेही पात्रात राहून. संगीत नाटकांच्या मराठी माणसाला गाणारा नट नवा नाही. पण तिथे 'वन्स मोअर' आला की कथानक बाजूला ठेवून पद पुन्हा व्हायचं. सिटकॉममध्ये कथानक थांबतं, पात्राला मात्र विचार करत राहावं लागतं. संतापलेली बायको हशाभर संतापलेलीच हवी.

यातली नजरेची आणि हावभावांची अडचण रिबानं शिकून सोडवली असावी, कारण सुरुवातीच्या काही भागांत तिचे हात जरा जास्तच बोलतात. हशाची अडचण मात्र तिला आलीच नाही. टाळ्या ओसरू लागल्या की नेमकं कुठे पुढचं गाणं उचलायचं, हे पाव शतक दौरे केलेल्या माणसाला घड्याळ न बघता कळतं.

मालिकेचा पाया तसा भीषण आहे. ह्यूस्टनमधली रिबा हार्ट. दंतवैद्य नवरा ब्रॉक आपल्या दवाखान्यातल्या बार्ब्रा जीनमध्ये गुंतलाय आणि ती गरोदर आहे; शाळेत शिकणारी थोरली मुलगी शायएन, तीही गरोदर, आणि तिचा फुटबॉलपटू व्हॅन सासरी राहायला आलाय. यातून रडकी मालिका सहज झाली असती. पण मेलिसा पीटरमननं केलेली बार्ब्रा जीन उंच, मोठ्यानं बोलणारी आणि रिबाशी मैत्री करायला आसुसलेली. तिनं सांडायचं, आदळायचं, मिठ्या मारायच्या. आणि रिबानं स्थिर उभं राहायचं. अशी जोडी दिसली की बघावं विनोद कोण करतं आणि तो पूर्ण कोण करतं. बार्ब्रा जीन काहीतरी अचाट बोलते, रिबा लगेच उत्तर देत नाही. आधी भुवई, मग अर्धा श्वास, मग उत्तराचा पहिला शब्द, आणि त्या शब्दातला स्वर दोन पायऱ्यांत उतरतो. तो रेंगाळत असताना प्रेक्षकाला कळून चुकतं की टोला येतोय. हशा स्वरातच सुरू होतो आणि व्यंजनावर फुटतो. ओळीच्या शेवटी सूर वळवणारी जी मुरकी व्हायोलिनखाली बुडायची, तीच ही.

डब्ल्यूबी ही तेव्हा पोरासोरांची वाहिनी, आणि नायिका 46 वर्षांची, तीही शुक्रवारी रात्री. तरी मालिका सहा हंगाम चालली, 125 भाग. 2004 च्या गोल्डन ग्लोबला तिचं नामांकन होतं. शीर्षकगीतही तिच्याच आवाजात. 2006 मध्ये डब्ल्यूबी मिटून सीडब्ल्यू झाली, तिथे शेवटचे 13 भाग झाले आणि 18 फेब्रुवारी 2007 ला पडदा.

मग 2012 च्या नोव्हेंबरात एबीसीवर 'मालिबू कंट्री' आली. सोबतीला लिली टॉमलिनसारखी कसलेली नटी, आणि तरी 18 भागांत गाशा गुंडाळला. नॅशव्हिलची गायिका नवऱ्याच्या भानगडीनंतर कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी राहायला जाते, अशी कल्पना. फसगत इथेच झाली, असं माझं निदान. आधीच्या मालिकेत तिचा हेल हे तिचं हत्यार होतं. घरातली सगळ्यात शहाणी बाई तसं बोलत होती. इथे हेलच विनोदाचा विषय झाला. गावची बाई शहरात आली की हसा, हे दोन भागांत संपतं.

गाणाऱ्यांनी कॅमेऱ्यासमोर येणं अमेरिकेत जुनंच. जीन ऑट्री 1950 मध्येच टीव्हीवर घोडा घेऊन आला, डॉली पार्टननं 1980 मध्ये सिनेमा केला, बिली रे सायरस 2001 मध्ये टीव्हीवर डॉक्टर झाला, टिम मॅकग्रॉ अलीकडे 'वेस्टर्न' मालिकेत दिसला. पण समोर बसलेल्या प्रेक्षकांचं सिटकॉम इतकी वर्षं ओढून नेणारी गायिका दुसरी चटकन आठवत नाही.

18 ऑक्टोबर 2024 पासून एनबीसीवर 'हॅपीज प्लेस' सुरू आहे. टेनेसीतलं नॉक्सव्हिल गाव, वडिलांच्या मागे वारशानं आलेला गुत्ता, आणि त्यात निम्मी भागीदार म्हणून उगवलेली अनोळखी सावत्र बहीण. (म्हणजे 'कंट्री' शेवटी बाटलीपाशी आलंच.) सूत्रं केविन अ‍ॅबटकडे, जो 'रिबा'मध्येही होता, काउंटरमागे पुन्हा मेलिसा पीटरमन. रिबा आता सत्तरी गाठलेली. भुवईला पूर्वीपेक्षा अंमळ जास्त वेळ लागतो, आणि पीटरमन तेवढी जास्त थांबते. हार्मनीत दुसरा आवाज पहिल्याचा श्वास ओळखून थांबतो, अगदी तसं.

पाहणार असाल तर एक करा. सबटायटल्स बंद ठेवा. ओळ पडद्यावर आधीच पूर्ण उमटते, आपण ती वाचून मोकळे होतो, आणि रिबा अजून पहिल्या स्वरातच असते. पहिले दोन भाग निम्मं कळणार नाही. 'पेन' की 'पिन' होईल. तिसऱ्या भागापासून कान बसतो.